‘चालेल’ म्हणणारा माणूस

जागतिक वाङ्मयात कारकुनाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (१८४२) कारकून पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो, तो कोट चोरीला जातो आणि बिचारा तापाने फणफणून मरतो. मेलव्हिलचा बार्टलबी (१८५३) साहेबाने सांगितलेल्या कामांना अत्यंत नम्रपणे नकार देत राहतो आणि शेवटी तुरुंगात अन्नावाचून मरतो. (नकार देणारे कारकून आमच्याकडेही आहेत, पण ते नम्र नसतात, आणि उपाशी तर मुळीच राहत नाहीत.) तिसरा अल्बेर काम्यूचा म्युर्सो. हा अल्जिअर्स शहरात जहाजी मालाच्या एका कचेरीत कारकून. त्याला भर चौकात गिलोटीनखाली डोकं छाटण्याची शिक्षा होते. शाल-श्रीफळ स्वीकारून, चार लोकांची भाषणं ऐकून, पेन्शनीत सुखरूप निघालेला कारकून थोर लेखकांच्या नजरेला पडतच नाही की काय कोण जाणे!

आज बोलायचंय ते या तिसऱ्याबद्दल. कादंबरीचं मूळ नाव ‘लेत्रांजे’. १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या टाचेखाली असताना ती प्रसिद्ध झाली. १९४६ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला. तोही असा की, अनुवादक एकच, पण लंडनमध्ये पुस्तकाचं नाव ‘द आउटसायडर’ आणि न्यूयॉर्कमध्ये ‘द स्ट्रेंजर’. एकाच इसमाची दोन नावं निघाली की आम्ही बँकवाले प्रतिज्ञापत्र मागतो. साहित्यात तसा काही नियम दिसत नाही.

पुस्तक लहान. रविवारी दुपारी आडवं पडून वाचलं तर संध्याकाळच्या चहाला हातावेगळं होईल एवढं. पण त्याच्यावर लिहिलं गेलंय ते मात्र गोदाम भरेल इतकं. अस्तित्ववाद, परात्मता, तुटलेपण, विसंगतीचं तत्त्वज्ञान! असे भरभक्कम शब्द चारी बाजूंनी अंगावर आले की वाचक पुस्तक उघडण्यापूर्वीच परका होऊन बसतो. प्रस्तुत लेखक बी.कॉम. आहे. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या वाटेला न जाता, जमा-नावे बघायची सवय आहे तेवढ्या बळावर तो चार शब्द लिहिणार आहे. कारकुनाची कागदपत्रं कारकुनाने तपासायला हरकत नसावी.

प्रकरण थोडक्यात असं. म्युर्सोची आई अल्जिअर्सपासून ८० किलोमीटरवर मारेंगो इथल्या वृद्धाश्रमात असते. ती गेल्याची तार येते. हा साहेबाकडे दोन दिवसांची रजा मागतो. साहेबाचा चेहरा पडतो. का, तर गुरुवार-शुक्रवार रजा, पुढे शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे पठ्ठ्या चार दिवस मोकळा! आता सांगा, ही फ्रेंच कादंबरी आहे असं कोण म्हणेल? दुसऱ्या शनिवारला जोडून रजा टाकणाऱ्याकडे सगळ्या जगातले साहेब एकाच नजरेने बघतात. रजा मागताना म्युर्सो जे म्हणतो त्याचा मतलब इतकाच की, आई गेली यात माझा काही दोष नाही. बरोबरच आहे. पण त्या एका वाक्याने त्याच्यावर पहिला संशय चिकटला तो चिकटलाच.

मग तो बसने जातो, वाटेत झोपतो. पेटी बंद झालेली असते. उघडून चेहरा बघायचाय का विचारतात, तर नको म्हणतो. रात्री शवाजवळ बसतो तेव्हा तिथल्या रखवालदाराने दिलेली दुधाची कॉफी पितो, सिगरेट ओढतो. दुसऱ्या दिवशी भयंकर उन्हात अंत्ययात्रा. आईचा वृद्धाश्रमातला म्हातारा मित्र पेरेझ शेवटी भोवळ येऊन पडतो. मुलगा रडत नाही. परत आल्यावर शनिवारी समुद्रावर पोहायला जातो. तिथे कचेरीतली जुनी टायपिस्ट मारी भेटते. संध्याकाळी दोघं फेर्नांदेलचा विनोदी सिनेमा बघतात. रविवार गच्चीतून रस्ता बघण्यात जातो. सोमवारी कामावर हजर!

पुढे काही दिवसांनी हाच माणूस समुद्रकाठी एका अरबाला गोळ्या घालतो. आणि खटला उभा राहतो तेव्हा कोर्ट मुख्यतः विचारतं काय, तर आईच्या मयताला रडला का नाहीस? कॉफी का प्यालास? आईचं वय माहीत नव्हतं म्हणे? दुसऱ्याच दिवशी पोहायला गेलास? सिनेमा, तोही विनोदी? सरकारी वकिलाचा आवाज चढत जातो. शेवटी बचावाचा वकील वैतागून विचारतो की, आरोप आई पुरल्याचा आहे की माणूस मारल्याचा? लोक हसतात. पण शिक्षा व्हायची ती होतेच.

इथे मला माझ्या टेबलाचा अनुभव सांगितला पाहिजे. काही वर्षं मी बँकेत मयत खातेदारांच्या दाव्यांचं काम बघतो. म्हणजे मृत्यूचा दाखला घेऊन येणारी मंडळी रोज माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतात. त्यात एक जात अशी की, हुंदके दाराबाहेरूनच ऐकू येतात. शिपाई पाणी आणून देतो, शेजारचे ग्राहक हळहळतात, रुमाल भिजून चिंब होतो, आणि त्या रुमालाच्या आडूनच प्रश्न येतो, ‘लॉकरही आईच्याच एकटीच्या नावावर होता ना हो?’ दुसरी जात कोरड्या डोळ्यांची. फॉर्म नीट भरलेले, फोटो चिकटवलेले, साक्षीदार बरोबर आणलेले. सगळं चोख करून उठताना हळूच विचारतात, ‘जुनं पासबुक परत मिळेल का?’ कशाला हो? तर मागच्या पानावर आईने पेन्सिलने दुधाचा हिशोब लिहिलाय. या दोघांपैकी दुःख कुणाचं खरं हे ठरवण्याचा कॉलम आमच्या फॉर्मात नाही, आणि नाही ते फार चांगलं आहे. अल्जिअर्सच्या कोर्टाने मात्र तो कॉलम आखला आणि तोच भरला नाही म्हणून माणसाला फासावर, चुकलो, गिलोटीनवर चढवला.

तर पहिला प्रश्न. म्युर्सो खरोखरच दगड आहे काय?

हा दगडपणा काही अंशी भाषांतराने घडवलेला आहे. मूळ फ्रेंचमध्ये पहिल्याच वाक्यात तो आईला ‘ममाँ’ म्हणतो. लहान मूल हाक मारतं तो हा शब्द. आपल्याकडे ‘आई’ म्हणावं तितका जवळचा. पहिल्या इंग्रजी अनुवादाने त्याचं ‘मदर’ केलं. म्हणजे ‘आई गेली’च्या जागी ‘मातोश्री निवर्तल्या’ म्हटल्यासारखं झालं! असं बोलणारा मुलगा कुणाला प्रेमळ वाटेल? १९८८ साली मॅथ्यू वॉर्डने नवा अनुवाद केला तेव्हा ‘ममाँ’ हा शब्द तसाच ठेवला. एका शब्दाची ही दुरुस्ती व्हायला बेचाळीस वर्षं गेली. तोवर इंग्रजी वाचणाऱ्या दोन पिढ्यांनी, आपल्यासकट, ‘मदर’वाल्या म्युर्सोला कोरडा ठरवून टाकलं होतं.

दुसरं म्हणजे, त्याच्या घराकडे बघा. आई होती तेव्हा ते घर पुरत होतं. ती गेल्यापासून ते त्याला मोठं व्हायला लागलं. मग त्याने जेवणाचं टेबल उचलून झोपायच्या खोलीत आणलं आणि त्या एकाच खोलीत राहू लागला. बाकीचं घर बंद. कादंबरीत हे दोन ओळींत उरकलेलं आहे. त्यावर तो हळहळ व्यक्त करत नाही. पण आई वृद्धाश्रमात गेल्यावर घराच्या खोल्या मिटून घेणाऱ्या मुलाला भावना नाहीत, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

तिसरा पुरावा शेजारच्या म्हाताऱ्याचा. सालामानो नावाचा हा म्हातारा आणि त्याचा खरजेने झडलेला कुत्रा. दोघांची तोंडं सारखीच दिसायला लागली आहेत. म्हातारा रोज कुत्र्याला शिव्या घालतो, मारतो, ओढत नेतो. एके दिवशी कुत्रा हरवतो. त्या रात्री भिंतीपलीकडून विचित्र आवाज येतो, आणि म्युर्सोच्या लक्षात येतं की, म्हातारा रडतोय. तेव्हा म्युर्सोला, का ते त्याला स्वतःलाही कळत नाही, आईची आठवण येते. पण सकाळी लवकर उठायचं असतं. भूक नसते, म्हणून तो न जेवताच झोपतो. बस्स, एवढंच. कुठल्याही सरकारी वकिलाने हा पुरावा कोर्टात मांडला नाही, कारण जेवला नाही याची पावती नसते.

काम्यूच्या स्वतःच्या घरातही बोलणं कमीच होतं. तो वर्षाचा व्हायच्या आतच, १९१४ साली, वडील पहिल्या महायुद्धात गेले. आईला ऐकू कमी येई, लिहिता-वाचता येत नव्हतं, लोकांच्या घरची झाडलोट करून ती संसार ओढायची. अल्जिअर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत तो वाढला, आणि विद्यार्थिदशेत एका जहाजी दलालाच्या कचेरीत त्यानेही काम केलं. घरात न बोलता एकमेकांवर माया करणारी माणसं त्याने बघितली होती. म्युर्सोची आईसुद्धा, घरी होती तेव्हा, मुकाट्याने मुलाकडे बघत राहायची. बडबड्या घरातल्या माणसांना अशी घरं थंड वाटतात. पण चूल पेटलेली असते. फक्त धूर दिसत नाही.

तेव्हा दगड हा आरोप खारीज. आता दुसरी बाजू. तिला मोठे वकील लाभले आहेत, खुद्द काम्यूच! १९५५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्याने सांगितलं की, हा माणूस खोटं बोलायला नकार देतो, समाजाचा खेळ खेळत नाही, म्हणून मारला जातो. त्याच्या संदर्भात काम्यूने ख्रिस्ताचंही नाव घेतलं. आणि याला आधार आहे. खटल्याआधी म्युर्सोचा वकील त्याला एक सोयीची पळवाट सुचवतो. मयताच्या दिवशी मी माझ्या भावना आवरून धरल्या होत्या, एवढं कोर्टात म्हणशील का? आमच्या भाषेत याला हिशोब जुळवणं म्हणतात. एक छोटी नोंद इकडून तिकडे, कुणाचं काही जात नाही, आणि ताळेबंद झकास. म्युर्सो म्हणतो, नाही, कारण ते खरं नाही. कारकुनाची मान ताठ व्हावी असा हा प्रसंग आहे. आपली मान वाचवण्यासाठीसुद्धा खोटी नोंद करणार नाही म्हणणारे किती सापडतात?

त्यामुळे दोन तट पडले. एक म्हणतो दगड, दुसरा म्हणतो सत्याचा हुतात्मा. गंमत अशी की, दोन्ही तट तपासतात एकच खातं, भावनांचं. रडला की नाही, आणि न रडल्याचं लपवलं की नाही. मी मात्र पडलो बँकेतला माणूस. मी आधी सह्या बघतो.

म्युर्सोच्या सह्यांचा इतिहास काही बरा नाही.

त्याच्या मजल्यावर रेमों नावाचा इसम राहतो. स्वतः गोदामात काम करतो असं सांगतो. वस्तीत बोललं जातं की, बायकांच्या जिवावर जगतो. हा एके रात्री म्युर्सोला जेवायला बोलावतो. आपल्या मैत्रिणीने आपल्याला फसवलंय, तिला धडा शिकवायचाय. तिला परत बोलावणारं एक पत्र हवंय, गोड आणि टोचणारं, म्हणजे ती आली की तिचा अपमान करून हाकलून देता येईल. पत्र लिहून देतोस का? म्युर्सो लिहून देतो. जमेल तितकं चांगलं लिहितो. का, तर रेमोंला खूश न करण्याचं काही कारण त्याला दिसत नाही! रेमों म्हणतो, आता आपण दोस्त. म्युर्सोला त्याचंही काही नाही.

पत्र वाचून ती बाई येते. रेमों तिला मारतो. किंकाळ्यांनी इमारत गोळा होते, पोलीस येतो. मग रेमों म्युर्सोला साक्ष द्यायला सांगतो की, त्या बाईने रेमोंला फसवलं होतं. म्युर्सो विचारतो, बोलायचं काय तेवढं सांग. आणि ठाण्यावर जाऊन तसं बोलून येतो. रेमों ताकीद मिळून सुटतो. आणि पुढची ओळ वाचून माझ्यातला बँकवाला दचकलाच: म्युर्सोच्या जबानीची तिथे कुणी खातरजमा केली नाही! अहो, पाचशे रुपयांच्या स्लिपवर सही थोडी वाकडी आली तर आम्ही खातेदाराला पुन्हा उभा करतो.

म्हणजे आईच्या दुःखाबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही म्हणणारा हाच माणूस, एका मार खाल्लेल्या बाईविरुद्ध दुसऱ्याने पढवलेली साक्ष सहज देऊन येतो. तिथे त्याचं सत्य कुठे गेलं? कुठे गेलं नाही; ते फक्त त्याच्या स्वतःच्या छातीपुरतं होतं. आत काय वाटतं याच्याबद्दल तो दमडीचा हिशोब चुकू देत नाही. बाहेर, दुसऱ्याच्या अंगावर काय बेततंय, याच्याबद्दल एकच उत्तर.

त्या उत्तराला मराठीत एक अस्सल शब्द आहे: ‘चालेल’.

मराठी माणूस हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो याचा हिशोब नको. भाजी कुठली करू? चालेल कुठलीही. पंखा बंद करू? चालेल. मुलीला सायन्सला घालू? चालेल. ‘चालेल’मध्ये होकार नाही, नकार नाही, जबाबदारी तर नाहीच नाही. सौ.च्या मते हा शब्द नवऱ्यांसाठीच निर्माण झाला, कारण भाजी बिघडली तर ती करणारणीची आणि जमली तर ‘मी चालेल म्हटलंच होतं!’

म्युर्सोचं सगळं आयुष्य या शब्दावर चाललंय. मारी विचारते, माझ्यावर प्रेम आहे का? याला त्या प्रश्नाला अर्थच वाटत नाही, बहुधा नसावं. मग लग्न करशील का? तुला हवं असेल तर चालेल. दुसऱ्या कुठल्या मुलीने विचारलं असतं तर? तरी चालेल! साहेब म्हणतो, पॅरिसला शाखा काढायचा विचार आहे, जातोस का? चालेल, आणि इथे राहिलो तरी चालेल. साहेब नाराज होतो, याला महत्त्वाकांक्षाच नाही म्हणतो. (बदलीचा हुकूम निघाला की रक्तदाबाची सर्टिफिकेटं गोळा करणाऱ्या आमच्या मंडळींनी हे पान जरूर वाचावं.) कचेरीत त्याचं ठाम मत असं एकाच गोष्टीवर आहे: हात पुसायचा टॉवेल दुपारी कोरडा असतो तेव्हा छान वाटतं, संध्याकाळी ओलाकिच्च होतो तेव्हा नाही. त्याने हे साहेबाच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाला, वाईट आहे खरं, पण बाब किरकोळ आहे.

मारी, पॅरिस, टॉवेल इथपर्यंत आपण हसतो. हा अलिप्तपणा गोडही वाटतो. हाव नाही, ढोंग नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ‘चालेल’ हा सही केलेला कोरा चेक आहे. नाव दुसरा घालतो, रक्कम दुसरा घालतो, तारीखसुद्धा दुसरा. तुम्ही भल्या माणसाच्या हातात दिलात तर तो कदाचित परत आणून देईल. मारीने तसा दिला असता. पण कोऱ्या चेकची खासियत अशी की, तो आपोआप गरजू आणि बेरकी माणसाकडे सरकतो. म्युर्सोचा चेक रेमोंने वटवला.

पुढचं सगळं त्यातूनच येतं. पत्रामुळे मारहाण, मारहाणीमुळे त्या बाईचा भाऊ मागावर. एका रविवारी रेमोंबरोबर म्युर्सो समुद्रावर जातो. तिथे गाठ पडते, मारामारी होते, रेमोंवर सुरीचे वार होतात. रेमोंने गोळी घालू नये म्हणून म्युर्सो त्याचं रिव्हॉल्व्हर स्वतःकडे घेतो. हे त्याने शहाणपणाने केलेलं एकमेव काम, आणि तेच त्याच्यावर उलटतं. नंतर तो एकटाच उन्हातून झऱ्याच्या सावलीकडे परततो. तो अरब तिथेच पडलेला. सुरी चमकते, डोक्यात ऊन मावत नाही, गोळी सुटते. मग जरा थांबून आणखी चार. कोर्टात कारण विचारतात तेव्हा तो म्हणतो की, उन्हामुळे झालं. लोक हसतात. पण तो खोटं बोलत नाही. ज्या माणसाने आपल्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय जो जवळ उभा असेल त्याच्या हवाली केला, त्याच्याजवळ त्या क्षणी सूर्यच उभा होता.

म्हणून मला वाटतं, शिक्षेचा धडा कोर्टाने चुकीच्या खात्यावर लिहिला. तो रडला नाही हा गुन्हा नव्हताच. गुन्हा ‘चालेल’चा होता. पण त्याच्यावर बोट ठेवायचं तर रेमोंचं काय, खातरजमा न करणाऱ्या ठाण्याचं काय, आणि उद्याच्या अंकात भरताड हवं म्हणून या खटल्याला फुगवणाऱ्या वार्ताहरांचं काय, असे प्रश्न निघाले असते. त्यापेक्षा अश्रूंचा हिशोब सोपा. सगळ्यांना तपासता येतो आणि त्यात स्वतःचं काही निघत नाही.

मराठी वाचकाला इथे ‘कोसला’ (१९६३) आठवल्याशिवाय राहत नाही. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकरही असाच तुटक. जगातल्या प्रत्येक थोर गोष्टीच्या शेपटाला ‘वगैरे’ बांधून तो तिची हवा काढतो. पण धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते तेव्हा त्याचा तुटकपणा फुटतो आणि आतलं सगळं बाहेर येतं. पांडुरंगाचा कोरडेपणा ही जखमेवरची खपली आहे, हे आपल्याला दिसतं आणि आपण त्याला जवळ घेतो. म्युर्सोची खपली काम्यू शेवटपर्यंत काढत नाही. काढतो ती अगदी शेवटच्या पानांत, तुरुंगाच्या कोठडीत.

त्या कोठडीत म्युर्सो वेळ कसा घालवतो? आपल्या घरातल्या खोलीतली एकेक वस्तू आठवायची, तिचा रंग, तिची चीर, तिचा टवका. वर्षअखेरीला आम्ही करतो तशी सामानाची मोजदाद! दिवसेंदिवस तेवढ्यावर निघतात. ज्याला जगात काहीच महत्त्वाचं वाटत नव्हतं, त्याला एका टवक्याचीही आठवण आहे. आणि मग पाद्री येतो. तुझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणतो. तेव्हा हा आयुष्यभर ‘चालेल’ म्हणणारा माणूस पाद्र्याची कॉलर धरतो आणि ओरडतो. नाही चालणार! मला तुझी खात्री नको, माझ्या आयुष्याची मला खात्री आहे. तो भडका ओसरल्यावर त्याला आई आठवते. आयुष्याच्या संध्याकाळी तिने पेरेझशी सोयरीक का जुळवली, नव्याने सुरुवात करण्याचा खेळ का मांडला, हे त्याला आता कळतं. तिच्यासाठी रडायचा कुणालाच अधिकार नव्हता, असंही त्याला वाटतं. ज्या प्रश्नावर कोर्टाने त्याला मारलं, त्याचं उत्तर त्याला सापडतं, पण तोवर कामकाजाची वेळ संपलेली असते.

इतकं वाचून डोळे ओलावतात, माझेही. आणि नेमकं तिथेच सावध व्हावं लागतं. कारण या सगळ्या व्यवहारात आणखी एक खातं होतं. गोळ्या लागलेल्या माणसाला कादंबरीत नाव नाही. तो ‘अरब’. मार खाल्लेल्या बाईलाही नाव नाही. कुत्रा हरवलेल्या शेजाऱ्याला नाव आहे, खानावळवाल्या सेलेस्तला नाव आहे. फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जिअर्स घेतलं, १९६२ साली देश स्वतंत्र झाला. मधल्या काळात तिथल्या मूळ माणसांची किंमत काय होती, ते या एका गाळलेल्या नावावरून कळतं. त्या काळच्या अल्जिअर्समध्ये अरबाला मारल्याबद्दल गोऱ्या माणसाचं डोकं खरोखर उडालं असतं का, अशी शंका पुष्कळ टीकाकारांनी घेतली आहे. काम्यूला हे दिसत होतं की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. कोर्टाला दिसलं नाही हे मात्र नक्की. तिथे मेलेल्याच्या आईबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. ती रडली का, हेसुद्धा नाही.

ते नाव लिहायला कुणी तरी यावं लागलं. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाची कादंबरी आली. तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘म्युर्सोचा फेरतपास’ असा. ओरान शहरातल्या दारूच्या गुत्त्यात बसून हारून नावाचा म्हातारा बोलतो आहे. मारला गेलेला तो अरब त्याचा भाऊ. त्याचं नाव मूसा. आणि मूसाची आई आहे, जिवंत आहे, आणि आयुष्यभर त्या मुलासाठी न्याय मागत राहिली आहे. एका आईच्या मयतापासून सुरू झालेला हिशोब सत्तर वर्षांनी दुसऱ्या आईच्या नावाशी येऊन जुळला.

तेव्हा वाचकहो, ‘आउटसायडर’ म्हणा की ‘स्ट्रेंजर’, मिळेल त्या नावाने हे पुस्तक जरूर वाचा. फक्त एक करा. हातात पेन्सिल घ्या आणि म्युर्सो जिथे जिथे ‘मला सारखंच आहे’ अशा अर्थाचं बोलतो तिथे समासात एक बारीक टिक मारा. (पुस्तक स्वतःचं असेल तरच, वाचनालयाचं असेल तर निराळा कागद घ्यावा.) शेवटी त्या टिका एकत्र करून बघा. सही प्रत्येक ठिकाणी म्युर्सोची आहे. रक्कम कुणाच्या नावे पडली, ते मात्र दर वेळी पुढच्या पानावर बघावं लागतं.